तिजोरीचा नंबर कुणाकुणाला ठाऊक आहे?



आज सामान्य काळातील अठरावा रविवार. लूकलिखित शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातून आपण एका धनवान माणसाचा दाखला ऐकला. त्याच्या जमिनीला उदंड पीक आले आणि कोठारे अपुरी पडू लागली. जुनी कोठारे पाडून मोठी बांधावीत, सारे धान्य आणि मालमत्ता त्यात भरून ठेवावी आणि पुढची कित्येक वर्षे निश्चिंतपणे बसून खावे, असा बेत त्याने आखला. आणि त्याच रात्री परमेश्वराने त्याच्या प्राणाचा हिशेब मागितला.

मार्केट यार्डच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा दाखला फार समजावून सांगावा लागत नाही. पुण्यातील पेठांमधला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीला आला आणि येथे जणू कोठारांचेच एक गाव वसले. भुसार विभागात ज्वारी, तांदूळ, डाळी यांच्या पोत्यांच्या थप्प्या, पलीकडे गुळाच्या ढेपा, कांदा-बटाट्याचे गाळे, फळे, भाजीपाला, फुले. पहाटेच्या आत गाड्या येतात, हमाल बांधवांच्या पाठीवरून माल उतरतो आणि उन्हे वर येईपर्यंत त्यातला कितीतरी माल पुढे रवानाही होतो. धान्य फिरते म्हणून बाजार चालतो. तेच धान्य एका जागी पडून राहिले तर त्याला टोके लागतात, भुंगे होतात, उंदीर पोती कुरतडतात. हे येथील लहान पोरालाही ठाऊक आहे.

कोठाराच्या जोडीला तिजोरी येतेच. पूर्वी पेढीवर जड लोखंडी तिजोरी असे आणि तिच्या किल्ल्यांचा जुडगा मालकाच्या कमरेला असे. आता तिजोरी लहान होऊन घराच्या कपाटात येऊन बसली आहे. तिला बाहेरून किल्लीचे भोक दिसत नाही. आकड्यांची बटणे असतात. नंबर दाबायचा, हिरवा दिवा लागतो, मूठ फिरवायची, दार उघडते. व्यापाऱ्याच्याच नव्हे, तर नोकरदाराच्या, निवृत्त शिक्षकाच्या, परिचारिका भगिनीच्या घरीही आज अशी पेटी असते. आत लग्नातले दागिने, घराची कागदपत्रे, मुदत ठेवीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले, बाप्तिस्म्याची आणि विवाहाची प्रमाणपत्रे. आजच्या चिंतनासाठी आपण याच पेटीचा आधार घेऊ या. कारण ती जेव्हा उघडत नाही, तेव्हा आपल्याला आपल्याविषयी बरेच काही सांगून जाते.

आपण एका घराची कल्पना करू या. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. घरातील कर्त्या पुरुषाला छातीत कळ आल्याने संध्याकाळीच रुग्णालयात दाखल केले आहे. आरोग्य विम्याची कागदपत्रे तातडीने हवी आहेत आणि ती तिजोरीत आहेत. तिजोरीचा नंबर पत्नीला ठाऊक नाही. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, पण तो सांगण्याची वेळच कधी आली नाही. मुलगा अतिदक्षता विभागाच्या दाराशी परवानगी काढून आत जातो आणि वडिलांच्या कानाशी वाकून विचारतो, “बाबा, नंबर काय?” थकलेल्या आवाजात सहा आकडे मिळतात. तो आईला फोन करतो. आई आकडे दाबते. दिवा लुकलुकतो, बारीक आवाज येतो, पण मूठ फिरत नाही. पुन्हा तेच. मग शेजारचे काका येतात, धाकटी मुलगी येते. कोणी सांगते जन्मतारीख दाबून पाहा, कोणी सांगते गाडीचा नंबर. पाच-सहा वेळा चुकल्यावर कुलूप मुकेच होते. बटणे दाबली तरी काही होत नाही. कोणी हातोडी आणायला निघते. आणि तेवढ्यात कोणाच्या तरी तोंडून निघते, “परवा साफसफाईला मावशी आल्या होत्या, त्यांनी तर काही केले नसेल ना?”

बंधू-भगिनींनो, असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. तेव्हा काय करावे, हे आधी सरळ व्यवहाराच्या भाषेत पाहू. व्यवहार आणि अध्यात्म यांच्यामध्ये भिंत बांधण्याची प्रभू येशूची रीत नव्हती. त्याने बियाणे, जाळे, पीठ, खमीर, हरवलेले नाणे यांमधूनच स्वर्गराज्य समजावून सांगितले.

पहिली गोष्ट, घरात शांतता हवी. बहुतेक वेळा नंबर बरोबर असतो आणि कुलूपही शाबूत असते. फक्त आतले सेल उतरलेले असतात. दिवा लागायला आणि आवाज यायला फार थोडी वीज पुरते. पण आतली खिट्टी सोडवणाऱ्या छोट्या मोटारीला किंवा विद्युत-चुंबकाला जास्त जोर लागतो. म्हणून दिवा लागतो आणि दार उघडत नाही. सेल संपल्याने नंबर पुसला जात नाही. तो कुलपाच्या स्मृतीत तसाच राहतो. काही पेट्यांमध्ये सेलचा कप्पा बाहेरच्या बाजूला असतो. काहींना बाहेर दोन धातूचे ठिपके असतात. त्यांना नऊ व्होल्टचा नवा सेल टेकवून धरला आणि त्याच वेळी नंबर दाबला की दार उघडते. काही पेट्यांबरोबर बाहेरून जोडायची सेलची वेगळी डबी मिळते.

दुसरी गोष्ट, नंबर अनेकदा चुकला असेल तर थांबावे. चोराला अंदाजाने नंबर शोधता येऊ नये म्हणून कुलूप काही मिनिटे स्वतःला बंद करून घेते. त्या वेळात बटणांशी खेळत बसल्यास काही कुलपांमध्ये ती मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. घड्याळ लावून बाजूला व्हावे, हा त्यावर उपाय.

तिसरी गोष्ट, पेटी काठोकाठ भरलेली असली तर आतल्या वस्तू दाराला रेटतात आणि खिट्टी अडकून बसते. अशा वेळी दार बाहेर ओढू नये. उलट तळहाताने आत दाबून धरावे, नंबर दाबावा आणि मग मूठ फिरवावी.

चौथी गोष्ट, आणीबाणीची किल्ली. पुष्कळ पेट्यांना नावाच्या पट्टीखाली किंवा एखाद्या झाकणाखाली किल्लीचे भोक असते आणि पेटी विकत घेताना दोन किल्ल्या मिळतात. पण त्या किल्ल्या असतात कुठे? अनेक घरांत त्या माहितीपुस्तिकेबरोबर त्याच तिजोरीत जपून ठेवलेल्या असतात.

आणि पाचवी, हे सर्व करून भागले नाही तर कंपनीच्या सेवा केंद्राला किंवा जाणकार कारागिराला बोलवावे. तो खरेदीची पावती किंवा ओळखपत्र मागेल. राग मानू नये, त्यात आपलेच हित आहे. पहार, हातोडी यांनी दार वाकले तर दुरुस्त होणारी गोष्ट कायमची बिघडते.

आता या पाच गोष्टी हाती घेऊन आजच्या दाखल्याकडे परत जाऊ.

त्या धनवान माणसाची चूक नेमकी कोणती? त्याने साठवले, ही नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफानेही मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले होते आणि त्यासाठी पवित्र शास्त्र त्याला शहाणा म्हणते. परंतु योसेफाने दुष्काळ येताच कोठारांची दारे उघडली आणि मिसरी लोकांबरोबर परदेशातून आलेल्यांनाही धान्य मिळाले. त्याला विकणारे त्याचे स्वतःचे भाऊही त्या रांगेत होते. आजच्या दाखल्यातला माणूस मात्र बोलतो तो फक्त स्वतःशी. आपण काय करावे, असे तो स्वतःलाच विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. त्याच्या बोलण्यात पत्नी नाही, मुले नाहीत, शेतात राबलेला मजूर नाही, शेजारी नाही, पाऊस देणारा परमेश्वरही नाही. त्याच्या कोठाराचा नंबर त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. म्हणून देवाने विचारलेला प्रश्न इतका बोचतो: हे सगळे आता कोणाचे होणार? त्या घरात या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा दुसरा माणूसच नव्हता.

जे फक्त मला एकट्यालाच उघडता येते, ते सुरक्षित नसते; ते केवळ बंद असते. आज एवढे एकच वाक्य घरी घेऊन गेलात तरी पुरे.

हे वाक्य आधी घरातल्या व्यवहाराला लावून पाहा. आपल्या देशातील बँकांमध्ये ज्यांवर कोणीही दावा सांगितलेला नाही अशा ठेवी मार्च २०२३ अखेर ४२ हजार कोटी रुपयांहून अधिक होत्या. दहा वर्षे व्यवहार न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जाते. वारसाला ती नंतरही मागता येते, पण आधी ती आहे हे त्याला ठाऊक तर हवे! अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाची सोय सुरू केली. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे नामनिर्देशित करता येतात. या रकमांमागे किती घरे असतील, याचा विचार करा. कोणी घाम गाळून पैसा साठवला, मुलाबाळांसाठीच साठवला आणि सांगायचे तेवढे राहून गेले. प्रेम होते, पण त्या प्रेमाला कुलूप होते.

आपण म्हणतो, “तिला कशाला त्रास? तिला यातले काही कळत नाही.” बंधूंनो, जी स्त्री महिन्याचा पगार तीस दिवस पुरवते, तिला सहा आकडे लक्षात राहणार नाहीत काय? ख्रिस्ती विवाहात आपण वेदीसमोर सुखात आणि दुःखात एकमेकांना साथ देण्याचे वचन देतो. त्या वचनात तिजोरी वगळलेली नाही. नवऱ्याच्या आजारपणात बंद दारासमोर उभी असलेली पत्नी फक्त कागदांसाठी रडत नाही. इतकी वर्षे एका छताखाली राहूनही आपल्यावर विश्वास ठेवला गेला नाही, हे तिला त्या क्षणी कळते, आणि ती जखम सेल बदलून भरत नाही. हेच भगिनींनाही लागू आहे. पतीला न सांगता काढलेले कर्ज आणि माहेरी गहाण ठेवलेला दागिना यांनाही आतून कडी असते.

आणि त्या मावशी? दार उघडेना म्हटल्यावर आपला संशय पहिल्यांदा घरातल्या सर्वात गरीब माणसाकडे वळतो. सेल आपण बदलले नव्हते, किल्ली आपण आत ठेवली होती, नंबर आपण लपवला होता. पण बोट मात्र तिच्याकडे दाखवले जाते. दुसऱ्या दिवशी दार उघडते, सगळे जागेवर सापडते. पण तिच्याविषयी उच्चारलेला तो शब्द जिन्यात, सोसायटीत, तिच्या इतर चार कामांच्या घरी पोहोचलेला असतो. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा फक्त न्यायालयासाठी दिलेली नाही. असा संशय ज्यांनी कधी बोलून दाखवला असेल, त्यांनी तो चारचौघांत परत घ्यावा. मनातल्या मनात क्षमा मागून तिचे गेलेले नाव परत येत नाही.

आता आतल्या तिजोरीकडे वळू या. आपले अंतःकरणही असेच एक कुलूपबंद कपाट आहे. कित्येकदा आपली अवस्था सेल उतरलेल्या कुलपासारखी असते. रविवारी आपण मिस्साला येतो, प्रार्थनेचे शब्द बरोबर म्हणतो, क्रूसाची खूण करतो. दिवा लागतो, आवाज येतो, पण आतली खिट्टी हलत नाही. भावाशी असलेला जमिनीचा तंटा तसाच राहतो, सुनेविषयीची अढी तशीच राहते. दहा कुमारींच्या दाखल्यात मूर्ख ठरलेल्या पाच जणींच्याही हातात दिवे होतेच. उणे होते ते तेल. शब्द चुकले म्हणून आपण अडत नाही. शब्दांमागचा जोर संपलेला असतो.

अशा वेळी आपण काय करतो? नवनवे नंबर दाबत सुटतो. आज एक नवस, उद्या दुसरी नोव्हेना, परवा कोणीतरी सांगितलेला उपाय. देवाला चुकीचा नंबर आणि बरोबर नंबर असे काही नसते, हे आपण विसरतो. तेव्हा कुलपाने घेतलेली ती काही मिनिटांची सक्तीची विश्रांती आपणही घ्यावी. मंदिरात येऊन पवित्र साक्रामेंतासमोर स्वस्थ बसावे. काही मागू नये, काही दाबू नये.

मग लक्षात येते की बंद पेटीला आतून स्वतःला उघडता येत नाही. जोर बाहेरून यावा लागतो. तो सेल कोणीतरी बाहेरून टेकवून धरावा लागतो. देवाची कृपा अशीच बाहेरून येते, आणि ती बहुधा माणसाच्या हातून येते. प्रायश्चित्त संस्कारात आपण धर्मगुरूसमोर जातो ते याचसाठी. “देवाला सगळे ठाऊक आहे, मग फादरांना कशाला सांगू?” असे अनेक जण विचारतात. देवाला ठाऊक आहेच. पण जे पाप फक्त मलाच ठाऊक आहे, ते आत बसून कुजत राहते. ते शब्दांत बाहेर आले आणि क्षमेचा शब्द कानांनी ऐकला की दार हलते. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचेही तसेच आहे. याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे सांगितले आहे. आपण मात्र शेवटचा श्वास उरेपर्यंत थांबतो, जणू फादर आले म्हणजे मरण आले. हा संस्कार जगण्याचे बळ देण्यासाठी आहे; दार कायमचे बंद होण्याची वाट पाहू नका.

आणि आणीबाणीची किल्ली? ज्याचे सारे आधार स्वतःच्याच आत ठेवलेले असतात, त्याची किल्ली तिजोरीतच राहिलेली असते. म्हणून किमान एक तरी माणूस असा असावा, ज्याला आपले खरे दुःख ठाऊक आहे. तरुण मुलामुलींनो, हे विशेष करून तुम्हाला सांगायचे आहे. परीक्षेतले अपयश, मोबाईलवरून घेतलेले कर्ज, नको ती संगत, मनातला काळोख, यांचा नंबर एकट्याजवळ ठेवू नका. आई, वडील, मोठी ताई, शिक्षक, सिस्टर, फादर, कोणालाही सांगा, पण सांगा. आणि आईवडिलांनो, मुलगा बोलत नाही म्हणून दारावर हातोडी मारू नका. आरडाओरड, मारहाण, टोमणे यांनी दार वाकते. नंतर कुशल कारागिरालाही ते सरळ करता येत नाही.

काठोकाठ भरलेल्या पेटीविषयी एक शब्द. आतला माल जास्त झाला की दारच अडते, हे आपण पाहिले. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरियाचे बिशप संत बासील यांनी नेमक्या याच दाखल्यावर प्रवचन केले होते. आपल्याजवळची जादा भाकर ही खरे तर भुकेल्याची असते आणि कपाटात पडून राहिलेले वस्त्र उघड्याचे असते, असा त्यांच्या शिकवणीचा सारांश. दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी अन्नाची सोय केली. आपल्या पुण्याने हा धडा आपल्या पद्धतीने गिरवला आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ओझी वाहणाऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून. जो दिवसभर दुसऱ्याचे धान्य पाठीवरून कोठारात नेतो, त्याच्या ताटात भाकर असावी, ही साधी गोष्ट आहे. संत बासील यांना ती नक्कीच आवडली असती.

कुलूप कितीही भक्कम असले तरी काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. जहाजावर कापूस होता, दारूगोळा होता आणि बंदोबस्तात ठेवलेल्या सोन्याच्या विटा होत्या. स्फोटाने त्या विटा आकाशात उडाल्या. त्यातली एक दूरवर एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली. ती त्यांनी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. पोलादी बंदोबस्तातून सोने उडाले, पण त्या माणसाचा प्रामाणिकपणा जागचा हलला नाही. चोर जेथे पोहोचत नाही आणि कसर जेथे लागत नाही असे धन कोणते, हे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. ते धन त्या दिवशी मुंबईच्या एका घरात दिसले.

येत्या १० ऑगस्टला संत लॉरेन्स यांचा सण आहे. इ. स. २५८ मध्ये रोममध्ये ते हुतात्मा झाले. चर्चचा खजिना आणून दे, असे रोमी अधिकाऱ्याने या उपगुरूला फर्मावले, तेव्हा त्यांनी होते ते सारे गोरगरिबांत वाटून टाकले आणि त्या गरिबांनाच अधिकाऱ्यापुढे उभे केले. चर्चचा खजिना तो हाच, असे त्यांनी सांगितले, अशी परंपरा आहे.

आपल्या मंदिरातही एक तिजोरी आहे. वेदीजवळची पवित्र मंजुषा, जिच्यापुढे लाल दिवा अखंड तेवत असतो. चर्चच्या कायद्यानुसार ती भक्कम असावी लागते, तिला कुलूप असावे लागते आणि तिची किल्ली अत्यंत काळजीने सांभाळावी लागते. पण तिच्यात जे ठेवलेले आहे ते साठवण्यासाठी ठेवलेले नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसापर्यंत आणि मृत्यूच्या दारात असलेल्या भाविकापर्यंत प्रभूचे शरीर पोहोचावे म्हणून ते तेथे राखून ठेवलेले असते. तिची किल्ली कधीच एका माणसाच्या मालकीची नसते. आज हे फादर, उद्या दुसरे. कुलूप असावे तर असे: आतील धन जपण्यासाठी, आणि वेळ येताच उघडून वाटण्यासाठी.

तर या आठवड्यात प्रत्येक घराने चार साध्या गोष्टी कराव्यात. घरी अशी पेटी असेल तर तिचे सेल बदलावेत. चांगल्या प्रतीचे अल्कलाईन सेल घालावेत, कारण पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा दाब सहसा थोडा कमी असतो. दरवर्षी आगमन काळाच्या पहिल्या रविवारी हे करायचे, असा नेम ठेवला तर विसर पडणार नाही. कंपनीकडून आलेला मूळ नंबर बदलला नसेल तर बदलावा, आणि नवा नंबर आधी दार उघडे ठेवूनच दोन-तीनदा वापरून पाहावा. दुसरे, आणीबाणीची किल्ली तिजोरीबाहेर, विश्वासाच्या जागी ठेवावी. तिसरे, एका संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेनंतर पतिपत्नीने एकत्र बसावे आणि काय कुठे आहे, कोणाचे किती देणे आहे, कोणाचे नाव लावले आहे, हे एकमेकांना सांगावे. मोठी मुले असतील तर त्यांनाही सांगावे. चौथे, तिजोरी उघडलेलीच आहे तर आत नजर टाकावी आणि त्यातले काय दुसऱ्याच्या घरी असायला हवे होते, याचा विचार करावा.

हे सर्व करायला अर्धा दिवसही लागणार नाही. आणि त्या धनवान माणसाप्रमाणे आपल्यालाही कोणती रात्र शेवटची, हे ठाऊक नाही. ती रात्र येईल तेव्हा घरातल्या कोणाला बंद दारासमोर रडत उभे राहावे लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, तू दिलेले आम्ही जपले, पण जपताना माणसांपासून लपवले. आमची भीती दूर कर. आमच्या घरात एकमेकांवर विश्वास वाढू दे. ज्यांच्यावर आम्ही खोटा संशय घेतला, त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला दे. जे आतल्या आत कोंडले गेले आहेत, त्यांच्यापर्यंत आम्हाला पोहोचव. आणि आमची अंतःकरणे अशी कर की तू ठोकताच ती उघडतील. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.